विजयाचे न उघडलेले मेसेज

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून कुणी ऐकलेली नाही. नवऱ्याने नाही, मुलाने नाही — आणि जिने ऐकायला हवी होती, तिने तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल. लांज्याच्या एसटी स्टँडसमोर माझं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, बाहेर 'ऑनलाइन अर्ज भरून मिळतील' अशी पाटी. लोक माझ्यासमोर बसून आपले पासवर्ड मोठ्याने सांगतात. मला त्याचं कधी नवल वाटलं नाही. वाटायचं — आपण आहोतच तशा, विश्वासाच्या.

विजया माझी शाळेपासूनची मैत्रीण. गावच्या वाचनालयात ग्रंथपाल होती. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही. धाकटा भाऊ रमेश मस्कतला. तो आणि ती रोज एकमेकांना लिहायची — आज काय शिजवलं, कुठली आंब्याची कलमं मोहरली, असलंच. तिच्या आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हापासून त्या घरात भूत, करणी, नवस असलं काही कुणी मानलं नाही. हे मुद्दाम सांगतेय. पुढे तिला काय काय वाटायला लागलं, ते ऐकताना हे लक्षात असू द्या.

गावाच्या वरच्या अंगाला सडा आहे. जांभ्याचं उघडं पठार. एका वर्षी तिथं परकी माणसं आली, कातळावर लाल खुणा करून गेली, वर ड्रोन फिरला. काय होणार — कारखाना, गोदाम, आणखी काही — ग्रामपंचायतीतही कुणी सांगेना. विजयाने इंटरनेटवर एक पान उघडलं. 'आमचा सडा'. तिथले झरे, गुरांच्या वाटा, त्या लाल खुणांचे फोटो, आणि खाली साधे प्रश्न. मुंबईतले चाकरमानी वाचायला लागले, पुढे पाठवायला लागले.

मग एका सकाळी ते पान नव्हतं. जागेवर एकच ओळ — कायदेशीर मागणीमुळे हा मजकूर तुमच्या देशात उपलब्ध नाही. मागणी कुणाची? कुठल्या वाक्याबद्दल? तिने विचारलं तर उत्तर आलं, ते सांगता येत नाही. पण रमेशने मस्कतहून फोटो पाठवला — त्याच्या फोनवर पान जसंच्या तसं होतं. सडा, झरे, सगळं. विजया माझ्या दुकानात बसून ते बघत राहिली. म्हणाली, "आपलं मेलेलं माणूस फक्त परक्या गावात चालताना दिसावं, तसं वाटतं गो."

मी हसले होते तेव्हा.

त्यानंतर तिचं सगळं काम मेसेजवर आलं — गावचा ग्रुप, रमेश, ओळखीचे दोघे-तिघे. एकदा काही कागद छापायचे म्हणून तिने आपला फोन माझ्या कॉम्प्युटरला जोडला. तिचे मेसेज माझ्या पडद्यावर उघडले. तेवढ्यात समोर स्टँडवर तिची गाडी लागली. पळता पळता म्हणाली, "मागाहून बंद करून टाक हां." मी हो म्हटलं. आणि विसरले. खरंच विसरले होते — पहिले चार-सहा दिवस.

मग एक दिवस दुकानात दोघे अनोळखी आले. साधे कपडे, पायात चांगले बूट. एकच बोलत होता. चहा घेतला, दुकान छान आहे म्हणाला. मग माझ्या मुलाचं नाव घेतलं. "अमेयची भरती चाललीय ना? पडताळणीचे कागद आमच्याकडेच येतील." एवढं बोलून कप खाली ठेवला. नंतर म्हणाला, "विजयाबाई तुमच्याकडे येतात. लिहून काही देऊ नका. कानावर आलं तर कळवायचं, बस." कसली नोटीस नाही, कसला आदेश नाही. एक फोन नंबर, तोही तोंडी.

अमेयसाठी केलं — असं मी स्वतःला खूप दिवस सांगितलं. पण थांबा. ते पुढे येईलच.

शाळेच्या पटांगणात रविवारी सड्याबद्दल सभा, हे मी पडद्यावर वाचलं आणि कळवलं. लोक पोचायच्या आधी तिथं पोलिसांची गाडी उभी होती. कुणाला हात लावला नाही. नुसते उभे राहिले, मोबाइलवर चेहरे टिपत. सभा झालीच नाही. मग दुसरं कळवलं, तिसरं कळवलं. किती सोपं होतं! सकाळी दुकान उघडायचं, झाडलोट करायची आणि पडदा चालू करायचा. विजया अजून घरी भाकऱ्या थापत असायची आणि तिला आलेले मेसेज मी वाचलेले असायचे.

आणि इथंच ते सुरू झालं. मी वाचलेला मेसेज तिच्या फोनवरही वाचलेला दिसायचा. तिने न उघडताच. रमेशला कळायचं, ताईने वाचलं. मग उत्तर का नाही? "वाचतेस आणि गप्प राहतेस," त्याने एकदा लिहिलं. ते तिने मला दाखवलं. "मी उघडलाच नव्हता गो हा मेसेज. माझ्या आधी कोण उघडतं?" तिचा आवाज अगदी खाली गेला होता. ज्या बाईने आयुष्यात कधी भीतीने मागे वळून पाहिलं नाही, ती दुकानातल्या भिंतींकडे बघत होती.

"झोप लागत नाही ना तुला?" मी म्हटलं. "भास होतात अशाने."

मग तो सोमवार. रत्नागिरीला एका वकिलाला भेटायला जायचं, हे तिने फक्त रमेशला लिहिलं होतं. मी वाचलं. मी कळवलं. ती स्टँडवर गाडीची वाट बघत असताना एक अनोळखी माणूस जवळ आला, नम्रपणे म्हणाला, "विजयाबाई, उगाच कशाला जाता? वकीलसाहेब आज भेटणार नाहीत." आणि गर्दीत निघून गेला.

ती रस्ता ओलांडून सरळ माझ्याकडे आली. फोन माझ्यापुढे ठेवला. "तुला यातलं कळतं. बघ ना, आत कुणी बसलंय काय?"

आता जे सांगायचंय ते हेच. बाकी सगळं याच्या भोवतीचं आहे.

मी फोन हातात घेतला. कुठली यंत्रं या फोनला जोडलेली आहेत, त्याची एक यादी आत असते. मी ती उघडली. एकच नाव होतं. माझा कॉम्प्युटर. खाली लिहिलेलं — आता सुरू. तो तिच्यापासून हातभर अंतरावर घरघरत होता, पडदा माझ्याकडे तोंड करून. मी त्या नावावर अंगठा नेला. ते पुसून टाकायला एक स्पर्श पुरे होता. तिला कळलंही नसतं. तिथंच सगळं थांबलं असतं. मी ते नाव अंगठ्याआड झाकून फोन तिच्यासमोर धरला.

"बघ. काही नाही."

तिने बघितलं. मान हलवली. म्हणाली, "मग रमेशच. त्याच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं."

मी 'नाही' म्हणायला हवं होतं. निदान गप्प बसायचं. मी म्हटलं, "लांब राहिलेल्या माणसाचं काय सांगावं, विजया?"

त्या दुपारी दोघं तुटली, ते मी बघितलं. तिने त्याला एकच प्रश्न विचारला. पडद्यावर यायचं, रमेश लिहीत आहे. मग थांबायचं. पुन्हा लिहीत आहे. "ताई, आईशप्पथ, मी कुणाला बोललो नाही. काय झालंय ते तरी सांग." एकामागून एक येत राहिले. मी एकेक उघडत गेले. ती वाचत होती का, तिला ते सगळे पोचले का, मला ठाऊक नाही. मग तिने त्याला ब्लॉक केलं.

पुढे ती फोन तांदळाच्या डब्यात ठेवायला लागली. घरात कुजबुजत बोलायची. वाचनालयात कुणी पुस्तकाचं नाव विचारलं तरी आधी दाराकडे बघायची. वाडीतली माणसं म्हणाली, वाचून वाचून डोकं फिरलं. वाचनालयाच्या समितीने तिला 'विश्रांती घ्या' म्हटलं. रत्नागिरीला डॉक्टरकडे मीच नेलं. त्यांनी सोबतच्या माणसाला विचारलं, काय होतं यांना? "कुणीतरी आपलं वाचतंय असं वाटतं," मी सांगितलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या. गाडीत तिने माझा हात धरला. "तू नसतीस तर मला खरंच वेड लागलं असतं."

अमेय तोवर नोकरीवर रुजू झाला होता. त्या माणसाची बदली झाली होती, तो नंबर लागत नव्हता. कुणी काही विचारत नव्हतं. तरी मी रोज सकाळी पडदा उघडत होते. का? भीती संपली होती. पण माझ्यावाचून कुणालाच ठाऊक नाही असं काहीतरी माझ्याजवळ आहे, याची गोडी लागली होती. मैत्रीण माझ्यासमोर बसून घाबरायची आणि मला आतून स्थिर वाटायचं. हे सांगताना माझीच मला शिसारी येते — पण तसंच होतं.

मग तिने फोन वापरणंच सोडलं. काही दिवसांनी माझ्या पडद्यावरून तिचं सगळं आपोआप गेलं. बंद मी नाही केलं.

गेल्या उन्हाळ्यात रमेश सुट्टीवर आला होता. ती त्याला दारात घेईना. तो माझ्या दुकानात आला. केस पिकलेत. बाकावर बसून म्हणाला, "शैलाताई, मी काय केलं तेच मला कळत नाही. ती फक्त तुमचं ऐकते. तुम्ही सांगून बघा ना."

"बघते," मी म्हटलं.

संध्याकाळच्या गाडीने तो मुंबईला गेला आणि तिथून मस्कतला. विजया परवा येऊन गेली. मी तिला काही सांगितलं नाही.