कूलरचा प्लग

त्या कॉम्प्युटरवाल्या पोराच्या कामात खोट नव्हती, हे आता तरी लिहितो.

नेरच्या आमच्या कापसाच्या जिनिंगमध्ये त्याने फायली साठवणारे दोन डबे जोडले होते. एक बंद पडला तरी दुसऱ्यावर काम चालू राहायचं. त्याच्या खिशातही कायम दोन पेनं असत. दर भेटीत तो चालू डब्याची वायर उपटून हसायचा, "पाहा काका, अडलं का काही?"

उन्हाळ्यात कूलरसाठी मी दुसऱ्या डब्याचा प्लग काढला. तो पुन्हा यायच्या आधीच पहिला डबा जळाला आणि प्लग काढल्यापासूनच्या साऱ्या फायली गेल्या.

"तुह्या दोन डब्यायचा काय उपयोग बे?" मालक गरजले.

त्याने कूलरकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "काका, तुमीच सांगा."

"मले काय समजते त्यातलं?" मी म्हणालो.

त्याचं काम गेलं. निघताना तो हळूच म्हणाला, "काका, कूलरमधलं पानी संपून राह्यलं."