शिवेवरची मॅव्हिस

इंग्लंडातल्या नेदरकोममध्ये माणसाला गावचं व्हायला किती वर्षं लागतात, याचा अंदाज कुणालाच नाही, कारण आजवर कुणी झालेलंच नाही. मॅव्हिस टकर लग्न होऊन इथं आली तेव्हा तिचे केस तांबडेलाल होते. आता ते पांढरेशुभ्र झाले, नवरा लेन चर्चमागच्या मातीत जाऊन निजला, दोन मुलं इथंच वाढून उडून गेली, तरी गावात तिची ओळख एकच : "ती बर्मिंगहॅमची." पहिल्याच आठवड्यात तिनं सिरिल पोकॉकच्या दारावर थापा मारून, "अहो, तुमच्या गाई पावसात भिजतायत, आत घ्या की!" असं सांगितलं होतं. तो किस्सा गावानं अजून विसरू दिलेला नाही. दर नाताळला सफरचंदी सायडरच्या दुसऱ्या ग्लासाबरोबर तो निघतोच.

खरं सांगायचं तर या मुलखावर मॅव्हिसइतकं प्रेम गावात दुसऱ्या कुणाचं नव्हतं. इथं जन्मलेल्याला समोरची टेकडी दिसतच नाही. आपलं नाक आपल्याला कुठं दिसतं? मॅव्हिस मात्र दुखऱ्या कमरेनं रोज ती टेकडी चढायची आणि वर जाऊन धापा टाकत शिव्या घालायची : वाऱ्याला, मेंढरांना, खाऊची रिकामी पाकिटं टाकून जाणाऱ्या सहलीवाल्यांना. वरच्या गल्लीतलं काटेरी झुडपांचं जुनं कुंपण उपटायला यंत्र आलं, तेव्हा ती घडीची खुर्ची घेऊन त्याच्यासमोर बसली आणि दुपारपर्यंत मोजे विणले. यंत्र परत गेलं. कुंपण आहे. मोजे सिरिलला मिळाले. तो म्हणाला, "बर्मिंगहॅमची लोकर आहे, टोचते."

तर मे महिन्यातल्या एका रविवारी नेदरकोम आपली शीव ठोकतं. सगळं गाव विलो झाडाच्या काठ्या घेऊन हद्दीवरून चालतं, वाटेतल्या प्रत्येक दगडाला काठीनं बडवतं, आणि ओढ्याकाठच्या शेवटच्या दगडावर गावातल्या एखाद्या पोराला उलटं धरून तीनदा आपटतं. हळूच. शीव कुठं आहे ते जन्मभर लक्षात राहावं म्हणून. लेनला त्याच दगडावर आपटलं होतं, मॅव्हिसच्या दोन्ही मुलांनाही. सिरिललाही.

"डोक्यावर आपटलं होतं मला," सिरिल अभिमानानं सांगायचा.

"दिसतंच आहे," मॅव्हिस म्हणायची.

एखाद्या वर्षी दगड ठोकायचा राहिला, तर तेवढी जमीन शेजारच्या ओव्हरकोमची, असा दोन्ही गावांचा समज. कायद्यात याला काडीची किंमत नसेल. ओव्हरकोमच्या दारूच्या गुत्त्यात मात्र फार आहे.

यंदा घोळ झाला. ओढ्याकाठचं गिरणीघर लंडनच्या मिस्टर फॅनशॉंनी घेतलं आणि मागं काचेची ऐसपैस खोली बांधली. नेमकी त्या शेवटच्या दगडावर. दगड आता आत होता, त्यावर नेच्याची कुंडी होती. आणि फॅनशॉंनी पाद्रीण फिलिपाबाईंना फार गोड शब्दांत सांगितलं होतं, की मंडळींनी यंदा मागून वळसा घातला तर उपकार होतील.

गावच्या सभागृहात चहा पीत सगळ्यांनी मान डोलावली. नेदरकोमकर मरेल, पण कुणाची अडचण करणार नाही. "उगाच कशाला," फिलिपाबाई म्हणाल्या. "बिचाऱ्यांची फरशी नवी आहे," सिरिल म्हणाला.

"वळसा?" मॅव्हिसचा कप बशीत आदळला. "अरे, शीव तिथं आणि तुम्ही बडवणार कुंपणाबाहेरचं गवत? लेन त्या दगडावर आपटला गेलाय!"

"लेन गेला, मॅव्हिस," सिरिल समजुतीनं म्हणाला. "आणि तुला काय त्याचं? तू बर्मिंगहॅमची."

एरवी ती हे हसण्यावारी न्यायची. त्या दिवशी तिनं कोट उचलला आणि आल्याचा केक न खाता घरी गेली. गाव घाबरलं. मॅव्हिसनं केक कधीच सोडला नव्हता.

रविवारी मिरवणूक गिरणीघराशी आली आणि शहाण्यासारखी डावीकडे वळली. मॅव्हिस सरळ गेली. फाटक, वाफे, काचेचं दार. काठीनं टकटक.

फॅनशॉ अजून घरातल्या झग्यात होते, हातात अंडं लावलेला टोस्ट. "बाई, ही खासगी जागा आहे."

"हो, दिसतंय. काचा छान पुसल्यात. जरा सरका."

"मी फिलिपाबाईंशी बोललो होतो. तुम्ही... तुम्ही इथल्याच का?"

बाहेर मिरवणूक थबकली होती. काचेतून सगळं ऐकू येत होतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कितीदा विचारला गेला होता आणि दर वेळी गावातलंच कुणीतरी तिच्या आधी "छे, छे" म्हणालं होतं. आज ती त्यांच्या उत्तराला थांबलीच नाही.

"इथलीच," मॅव्हिस म्हणाली. "आणि तुमचा नेचा माझ्या नवऱ्याच्या दगडावर बसलाय."

तिनं कुंडी उचलून फॅनशॉंच्या हातात दिली. टोस्ट पडला. मग तिनं काठी उगारली आणि दगडाला असा रट्टा घातला की काचा थरथरल्या. दुसरा. तिसरा. आणि तिला उलटं करणारं कुणी नव्हतं म्हणून ती स्वतःच धप्पकन दगडावर बसली. उठली. पुन्हा बसली.

दारात बूट घासल्याचा आवाज आला. बराच वेळ. सिरिल पोकॉक नव्या फरशीची काळजी घेत होता.

"असं बसलेलं धरत नाहीत," तो आत येत म्हणाला. "पाय वर लागतात."

"माझी कंबर बघ, गाढवा!"

"मग अर्धीच वर कर. फिलिपाबाई, तुम्ही खांदे धरा."

दोघांनी मिळून मॅव्हिसला झोक्यासारखं उचललं आणि दगडावर तीनदा टेकवलं. ती शिव्या देत होती आणि तिसऱ्या खेपेला तिचा आवाज चिरकला, तो कमरेमुळे असं तिनं नंतर सांगितलं. मग सगळं गाव एकेक करून बूट घासत, "माफ करा हं" म्हणत काचेच्या खोलीतून गेलं आणि दगडाला बडवून पलीकडच्या दारानं ओढ्याकडे उतरलं.

शेवटी मॅव्हिस निघाली. फॅनशॉ कुंडी पोटाशी धरून उभेच होते.

"हे... दरवर्षी?" त्यांनी विचारलं.

"दरवर्षी. पुढच्या खेपेला कुंडी आधीच हलवा," ती म्हणाली. "आणि झगा घालून येऊ नका. काठी घेऊन या."