वासाचे हॉप्स

डॉक्टरांनी यकृताचा रिपोर्ट टेबलावर ठेवला आणि माझ्या नवऱ्याला सांगितलं, यापुढे बिअरचा एक थेंबसुद्धा नाही. घरी येताना गाडीत ह्यांनी एसी नीट चालत नाही एवढीच तक्रार केली. मला वाटलं, चला, शहाण्यासारखं घेतलं.

पिणं खरंच सुटलं. पण त्याबरोबर माणसंही सुटायला लागली. दर गुरुवारी संध्याकाळी आमचा मस्कतमधला चार-पाच घरांचा कंपू जमायचा, कधी आमच्याकडे अल हैलला, कधी अल अमेरातला नाहीतर वादी कबीरला. आता गुरुवार आला की ह्यांचं डोकं दुखायचं, नाहीतर ऑफिसचा कॉल असायचा. कारण मला माहीत होतं. बंद केली हे चारचौघांत सांगायचं नव्हतं.

"त्यात लाज कसली?" मी एकदा खवळून विचारलं.

"सगळे कीव करतील," ते म्हणाले आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

माझी जीभ तिखट आहे, मला मान्य आहे. पण त्या दिवसांत मला राग कमी आणि भीती जास्त वाटत होती. ज्या माणसाच्या बडबडीला मी जन्मभर वैतागले, तो घरात असून नसल्यासारखा झाला होता.

पूर्वी आम्ही काही वर्षं इंग्लंडमध्ये होतो. तिथे ह्यांना घरी बिअर करायचा नाद लागला होता. डब्यात माल्टचा, म्हणजे मोड आणलेल्या बार्लीचा, तयार पाक मिळतो, तो बादलीत पाण्यात कालवायचा, यीस्ट घालायचं आणि गॅरेजमध्ये झाकून ठेवायचं. डब्यातल्या पाकात कडूपणा आधीच असतो, वास मात्र यथातथाच. तो आणण्यासाठी हे हॉप्स घालायचे. हॉप्स म्हणजे एका वेलीची फुलं, वाळवून, दाबून हिरव्या गोळ्या केलेली. कुठल्या जातीचे घ्यायचे यावर एखाद्या आईने स्थळं बघावीत इतका खल चालायचा. मस्कतला यायचं ठरलं तेव्हा बादली शेजाऱ्याला देऊन टाकली. इथे घरी असले उद्योग कायद्यात बसत नाहीत.

माझा दीर अजून इंग्लंडमध्येच असतो. पुण्याला जाताना तो दोन दिवस आमच्याकडे उतरणार होता. मी त्याला फोन करून हॉप्स मागवले. सुपरमार्केटात बिनदारूचं साधं माल्टचं पेय मिळतं, गोडमिट्ट आणि बिनवासाचं. त्यात फुलांचा वास उतरवता आला तर गुरुवारी ह्यांच्या हातात काहीतरी आपलं असेल, असा माझा बेत होता. दिराने तीन जातींची तीन पाकिटं आणली. "वहिनी, दादाला विचारूनच करा हं," असं त्याने बजावलं होतं. मी विचारलं नाही.

दीर पुण्याला गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पातेल्यात पाणी ठेवलं, एका पाकिटातल्या गोळ्या टाकल्या आणि चहासारखं खळखळून उकळलं. घरभर वास सुटला. मी खूश झाले. एवढ्यात हॉलमधून ओरडा आला.

"अगं, काय उकळतेस? बंद कर! सगळा वास बाहेर चाललाय!"

कित्येक आठवड्यांत ह्यांचा आवाज इतका चढला नव्हता. ते आत आले, पाकीट उचलून नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघतच राहिले. मी चमचाभर काढा चाखला. कारल्याने हात टेकावेत इतका कडू! मी बेत सांगितला. ते हसतील असं वाटलं होतं, पण त्यांनी पातेलं मोरीत ओतलं आणि बाह्या सरसावल्या.

"गॅस बंद करायचा, पाणी जरा निवू द्यायचं, मग हॉप्स. वर झाकण."

"म्हणजे बासुंदीत वेलचीपूड शेवटी घालतो तसंच की!"

"तेच. मग उकळलीस कशाला?"

उरलेल्या दोन पाकिटांतल्या गोळ्या त्यांनी तळहातावर चुरडल्या. एकीला पपनसाच्या सालीचा वास होता. मला तीच आवडली. "ही नको, ही एकटीच बोलत राहते," ते म्हणाले. दुसरीला मधाचा आणि रानफुलांचा मंद वास होता. त्यांनी ती निवडली, जरा निवलेल्या पाण्यात झाकून ठेवली, मग पाणी गाळून फ्रिजमध्ये गार केलं आणि माल्टच्या पेल्यात चमचा चमचा घालत किती घातलं तर बेताचं लागतं ते बघत बसले. मी पोळ्या करत होते, आणि ते मला प्रत्येक घोट चाखायला लावत होते. पोळ्या करपल्या. मला इतका आनंद झाला होता की मी भांडलेसुद्धा नाही.

रात्री जेवताना त्यांनी स्वतःच कंपूच्या ग्रुपवर लिहिलं, गुरुवारी आमच्याकडे.

गुरुवारी सगळे आले. ह्यांनी पेले भरले. अल अमेरातच्या मित्राने पेला नाकाशी नेला आणि म्हणाला, "वास भारी आहे यार. कुठली बिअर?"

मी भजी घेऊन दारातच थबकले. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्याच्याकडे.

"बिअर नाही. माझी खलास. लिव्हर बिघडलंय, डॉक्टरने कायमची बंद केलीय."

त्या मित्राने पेला खाली ठेवला. तो चिडला होता.

"आणि हे आज सांगतोस? आम्हाला वाटलं आमच्यातल्याच कोणाचं तरी तुला काही लागलं. बायकोने दोनदा विचारलं मला, तुम्ही त्यांना काय बोललात म्हणून."

ह्यांनी जिची एवढी धास्ती घेतली होती ती कीव कोणाच्याच चेहऱ्यावर नव्हती. डोळे पुसायला त्यांनी चष्मा काढला आणि तो पुसत असल्याचं नाटक केलं.

"पुढच्या गुरुवारी तुझ्याकडे," ते म्हणाले. "हॉप्सचं पाणी मी आणतो."