आखाडातला मॅटिनी शो

माझं लग्न नव्वदच्या दशकातल्या एका मे महिन्यात झालं आणि जुलैत मी माहेरी परत. भांडून नव्हे हं. भांडण झालं होतं, पण ते वेगळं. आमच्याकडे लग्नानंतरचा पहिला आखाड सून सासरी काढत नाही. महिनाभर सासू-सुनेनं एकमेकींचं तोंड बघायचं नाही आणि जावयानंही सासुरवाडीची पायरी चढायची नाही. का, ते कुणी सांगत नाही. आईला विचारलं तर म्हणाली, "बघितलं तर वाईट होतं म्हणत्यात." नेमकं कुणाचं वाईट होतं, ते तिलाही ठाऊक नव्हतं. भावानं मला सायखेड्याला आणून सोडलं आणि मी ओसरीवर फुगून बसले.

फुगायला कारण होतं. माझं बी.कॉम.चं शेवटचं वर्ष राहिलं होतं. बघायला आले तेव्हा ह्यांनी पोह्यांची बशी हातात धरून छातीठोकपणे सांगितलं होतं, "कॉलेज पूर्ण करायचं. माझा शब्द." मी त्या शब्दावर भाळले, खोटं कशाला बोलू? दिसायला बरे होते, पण बरे दिसणारे आणखी दोघं येऊन गेले होते. लग्न झालं आणि तो शब्द कुठे गेला कोण जाणे. "आईला सांगतो," हे सोमवारी. "आज तिचे गुडघे दुखतायत," हे मंगळवारी. बुधवारी म्हणे तिचा उपास.

सासूबाई काही वाघ नव्हत्या. पण सासरे लवकर गेलेले, शिवणयंत्रावर बसून त्यांनी एकटीनं ह्यांना वाढवलेलं, त्यामुळे आईसमोर ह्यांची वाचाच बसायची. "मीच सांगते," म्हटलं तर म्हणायचे, "नको, शब्द मी दिलाय." अहो, मग पाळा ना! माहेरी निघताना मी बजावलं, "कॉलेजच्या फॉर्मच्या शेवटच्या तारखेपर्यंत तुमचं तोंड उघडलं नाही, तर श्रावणात मला न्यायला येऊ नका." मी हे थट्टेत म्हटलं नव्हतं. एकवीस वर्षांची होते, पण एवढं कळत होतं की आज हे गिळलं तर जन्मभर गिळत बसावं लागेल. भीतीही वाटत होती, कारण माणूस मला आवडायला लागला होता.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी गल्लीतल्या किराणा दुकानात ह्यांचा फोन आला. मी धावत गेले.

"उद्या बाराच्या शोला ये. नाशिकात नवा पिक्चर लागलाय, नवरा-बायकोचा आहे, फार हसवतो म्हणे."

"आईंना सांगितलं?"

"तिथं बोलू ना."

डोक्यात तिडीक गेली. उद्या फॉर्मची मुदत संपणार आणि हा माणूस मला पिक्चर दाखवतोय! पण गेले. घरी सांगितलं, कॉलेजात जाऊन येते. तसं ते खोटंही नव्हतं, कारण मनात होतं की ह्यांनी नाहीच म्हटलं तर थेट प्राचार्यांसमोर जाऊन उभी राहीन. पण हातात काय घेऊन? माझी सगळी कागदपत्रं दागिन्यांबरोबर सासूबाईंच्या लोखंडी कपाटात होती.

सासर नाशिक रोडला, तिथं सगळी कॉलनी ओळखते, म्हणून ह्यांनी मुद्दाम नाशिकातलं लांबचं थिएटर निवडलं होतं. पोचले तेव्हा हे दारात उभे, नवा शर्ट, हातात तिकिटं आणि खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी. मला बघून असे काही हसले की राग अर्धा तिथंच उतरला, आणि त्याचा मला आणखी राग आला. दिवे मालवल्यावर आम्ही बाल्कनीत चाचपडत जाऊन बसलो.

पिक्चर खरंच मजेदार होता. नायक-नायिका पळून जाऊन लग्न करतात आणि मग ओल्या टॉवेलवरून, भाजीतल्या मिठावरून कडाकडा भांडतात. आम्ही दोघंही पोट धरून हसत होतो. मग मध्यंतराच्या जरा आधी लग्नापूर्वीची आठवण म्हणून नायक एका टेकडीवर उभा दिसतो आणि तिचा हात धरून म्हणतो, तुझी सगळी स्वप्नं आजपासून माझी. माझी जीभ काही माझ्या ताब्यात नसते. मी मोठ्यांदा म्हणाले, "हो, आणि लग्न झालं की म्हणशील, आईचे गुडघे दुखतायत!"

आजूबाजूचे लोक खिदळले. पुढच्या रांगेत आठ-दहा बायका बसल्या होत्या, त्याही हसल्या. फक्त मधली एक हसली नाही. तिची मान अर्धी मागे वळली आणि मध्येच थांबून परत पडद्याकडे गेली. त्या अंबाड्यातला आकडा मी ओळखला. रोज सकाळी मीच तर तो शोधून द्यायचे.

"अहो, आई!" मी ह्यांच्या दंडाला चिमटा काढला.

"कुणाची?"

"तुमची!"

ह्यांचा चेहरा पांढराफटक. मग ह्यांना आठवलं की ह्या सिनेमाबद्दल आपण घरातच ऐकलं होतं. भिशीच्या बायकांचं जायचं ठरलंय, असं आईनंच जेवताना सांगितलं होतं. वार ऐकायचा राहिला. हे असं अर्धंच ऐकतात.

तेवढ्यात मध्यंतर झालं आणि भक्कन दिवे लागले. मी पदर नाकापर्यंत ओढला. सासूबाई ताठ बसून समोरच्या पांढऱ्या पडद्याकडे बघत होत्या. भिशीच्या बायका एकदा त्यांच्याकडे, एकदा आमच्याकडे बघत तोंडात रुमाल कोंबत होत्या. उठून पळावं तर सगळ्यांच्या नजरा आमच्यावरच होत्या.

सासूबाई पडद्यालाच म्हणाल्या, "काय रे, माझ्या गुडघ्यांचं काय?"

आता संपलं, असं मला वाटलं. हे नक्की काहीतरी थाप मारणार, आणि मग मी श्रावणात येणार नाही. हे उभे राहिले. समोर आईचं तोंड नव्हतं, नुसती पाठ होती, म्हणून असेल की काय कोण जाणे, पण ह्यांना कंठ फुटला.

"आई, हिला कॉलेजला जायचंय. बघायला गेलो तेव्हा मी शब्द दिला होता. तुला सांगायला घाबरलो. आज फॉर्मचा शेवटचा दिवस आहे."

सासूबाईंनी मान न वळवता विचारलं,

"सकाळचं कॉलेज ना? मग पोळ्या कोण करणार?"

"मी लाटीन."

बायकांमध्ये असा हशा पिकला की खालच्या लोकांनी वर बघितलं. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. "ऐकलंत ना गं सगळ्यांनी? पोळ्या हा लाटणार आहे." मग त्यांनी कमरेची किल्ली सोडली आणि पुढे बघत हात मागे केला. "वरच्या कप्प्यात पिशवी आहे, तीत हिची कागदं. चारपर्यंत मी घरी येत नाही. पळा."

मी ती किल्ली घेतली तेव्हा त्यांची बोटं माझ्या हातात क्षणभर राहिली. खरं सांगते, मला रडू फुटलं. पण रडायला वेळ कुठे होता? स्कूटरवरून घर, घरून कॉलेज. खिडकी बंद व्हायला दहा मिनिटं असताना फॉर्म आत गेला. आणि ह्यांनी वर्षभर पोळ्या लाटल्या. कुठल्याच गोल नव्हत्या.

पुढं मी पास झाले, नोकरीला लागले. दोन हजार सालानंतर कधीतरी, एका रविवारी दुपारी, केबलवर तोच सिनेमा लागला. मी आणि सासूबाई शेंगा सोलत बसलो होतो. टेकडीचा प्रसंग होऊन गेल्यावर मी म्हणाले, "आता पुढचं तुम्ही सांगा. मी कुठे बघितलंय?"

"मला तरी काय ठाऊक?"

"अहो, तुम्ही शेवटपर्यंत बसला होतात ना?"

"बसले होते. पण लक्ष कुणाचं होतं?" त्या शेंगांकडेच बघत म्हणाल्या. "तुम्ही दारातून बाहेर पडताना मी मागे वळून तुला बघितलं. आखाड असून. मग सगळा वेळ देवाचं नाव घेत बसले. त्या वर्षी हा नुसता शिंकला तरी माझ्या पोटात गोळा यायचा."

मी हातातली शेंग खाली ठेवली. "मग बघितलंत कशाला?"

"आता घ्या!" त्या म्हणाल्या. "माझी सून कॉलेजात निघाली होती. बघू नको?"