बेटवाली काकी

आमची काकी चुलीपुढे बसून कॉमिक वाचायची आणि वाचता वाचता लिहिणाऱ्याशी भांडायची. मी महाडला कॉलेजात होते, तेव्हा रद्दीवाल्याकडून ही हिंदी कॉमिकं मीच तिच्यासाठी आणायचे. तिला एकच नायिका हवी असे, बायकांच्याच बेटावर वाढलेली, मनगटावरच्या कड्यांनी गोळ्या अडवणारी. त्यावरून मी तिला बेटवाली काकी म्हणायला लागले.

तिचा राग एकाच गोष्टीवर होता. एका पुस्तकात त्या नायिकेला आईने मातीतून घडवलेलं, दुसऱ्यात ती थेट देवाची लेक, तिसऱ्यात आईच तिच्याशी खोटं बोललेली. "एका पोरीचा जल्म यांना धड सांगता येत नाय!" काकी करवादायची. मग भाकरी उलटून म्हणायची, "पण बघ गो, जल्म कसाबी होवो, बेटावरून ती निघतेच."

काकी स्वतः मात्र पोलादपूरजवळच्या आमच्या घरातून हलत नव्हती. आजीचा नियम होता, सुनेने माहेरी जायचं ते मुराळ्याबरोबर, म्हणजे माहेरचं माणूस न्यायला आलं तरच. काकीचं माहेर वरंधला. भाऊ नाही, वडील गेलेले, घरात एकटी म्हातारी आई. आजी कधीच 'जाऊ नको' म्हणाली नाही. "मुराळी येऊ दे, लगेच धाडते," एवढंच म्हणायची. काका मुंबईत. ते फोनवर सांगायचे, "आई म्हणेल तसं." सहा वर्षं हे चाललं. मला संताप यायचा, पण आजीपुढे तोंड उघडायची छाती माझीही नव्हती.

काकीच्या आईने अंथरूण धरल्याचा वरंधहून फोन आला, तेव्हा काकी माझ्याजवळ येऊन म्हणाली, "तू माझ्या माहेरची हो."

"मी? मी तर या घरातली."

"पुस्तकात त्या पोरीचा जल्म तीन तीनदा बदलतात. तू माझ्यासाठी एकदा बदल गो."

मी स्कूटीवरून वरंधला गेले. म्हातारीच्या चुलीवर रांधून तिच्याबरोबर जेवले, मुक्काम केला. सकाळी तिने दिलेली पापडांची पिशवी घेऊन आमच्याच अंगणात येऊन उभी राहिले. "वरंधहून आलेय. काकीला न्यायला."

"काल तर हितून गेलीस!" आजी ओरडली. "आपल्याच घरची पोर मुराळी कशी होईल?"

"काल इथली होते. आज त्यांच्या घरचं जेवून, त्यांनी धाडलं म्हणून आलेय."

शेजारणी कुंपणाशी जमल्या. काकीने पाहुण्याला देतात तसं पाय धुवायला पाणी दिलं, चहा पुढे केला. मी तो घटाघटा प्यायले. चहा पाजलेल्या मुराळ्याला रिकामं परतवायचं नसतं, ही आजीचीच शिकवण. तिचा नाइलाज झाला. "आठ दिवस," ती म्हणाली.

त्याला आता दहा महिने झाले. काकी आईचं करते, गावातल्या शाळेत पोरांची खिचडी शिजवते आणि परतायचं नाव काढत नाही. मला आनंद आहे, अगदी मनापासून. पण या घरात मला मोकळं बोलायला एकच माणूस होतं, ते मीच नेऊन सोडलं. चुलीपुढे आता मी बसते.

परवा मला बघायला पोलादपूरहून मंडळी आली होती. आजी त्यांना कौतुकाने सांगत होती, "पोर गुणाची हाय. माहेरी जायाचा हट्ट करायची नाय."