न ओळखलेला दिवा

हात ताठ पुढे करायचा, एक डोळा मिटायचा आणि अंगठा आभाळाला लावायचा. आकाशात काही विचित्र दिसलं असं कोणीही सांगितलं, की साहेब आधी हे करून दाखवायचे आणि विचारायचे, "एवढ्या अंगठ्यानं झाकलं गेलं असतं का?" पुढचा प्रश्न ठरलेला. "त्या दिवशी तिथी काय होती?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. दुसऱ्याला कशाचं नवल वाटलं की यांना चैन पडत नाही.

साहेब हवामान खात्यातून निवृत्त होऊन कोलकात्यात सॉल्ट लेकलाच राहिले होते. आमच्या मराठी मंडळात सगळे बदलीवर आलेले अधिकारी, बँकवाले, आयटीतली जोडपी. धंदेवाला मी एकटा. सेक्टर फाइव्हमधल्या आयटी कंपन्यांपैकी एखादीचं ऑफिस बंद झालं की तिथल्या खुर्च्या, टेबलं, एसी उचलायचे, दुरुस्त करायचे, विकायचे. बापानं काही दिलं नाही. बालीगंजचा फ्लॅट मी घासाघीस करून मिळवलाय.

साहेबांकडे प्रत्येक दिव्याचं उत्तर असायचं. फोर्ट विल्यमला राहणाऱ्या एका कर्नलच्या बायकोला एक दिवा बराच वेळ जागच्या जागी थांबलेला दिसला. "विमान. सरळ तुमच्याकडे येत असलं की हलताना दिसत नाही." कोणाच्या मुलीला दिव्यांची माळ सरकताना दिसली. "एकत्र सोडलेले उपग्रह." लाल-हिरवा नाचणारा गोळा? "शुक्र. खालच्या थरातली हवा त्याला नाचवते." लोक माना डोलवायचे. मीही डोलवायचो. माझी पाळी यायची होती.

एका दिवाळीत गोदामातलं लक्ष्मीपूजन लवकर उरकून घरच्या गच्चीवर गेलो, तर उत्तरेकडून एक नारिंगी दिवा आला. आवाज नाही, लुकलुक नाही. डोक्यावरून दक्षिणेला गेला आणि विझला. मंडळाच्या फराळाला मी हे सगळं रंगवून सांगितलं. "उडती तबकडी म्हणतात ती हीच," असंही म्हणालो.

साहेबांनी चष्मा शर्टाच्या टोकाला पुसला. "तिथी?"

"सांगितलं ना, लक्ष्मीपूजन."

"म्हणजे इथली कालीपूजा. उत्तर कोलकात्यात त्या दिवशी कागदाचे फानूस सोडतात. खाली पेटता बोळा, आत गरम हवा. वारा उत्तरेचा, तेव्हा तुमच्या गच्चीवरून जाणारच." मग हसून म्हणाले, "इतकी वर्षं इथं काढलीत शेठ, आणि फानूस ठाऊक नाही?"

दरवर्षी त्या संध्याकाळी मी गोदामात पूजेला बसलेला असतो, मला कुठून दिसणार? पण ऐकतो कोण. माझी स्वतःची मुलगी मैत्रिणीला बंगालीत सांगत हसत होती. त्या दिवसापासून मी 'तबकडीवाले'. माझा धंदा शब्दावर चालतो. ज्या बँकवाल्याला मी वर्षानुवर्षं माल दिला, तो फोनवर म्हणाला, "तबकडीवाले, त्या खुर्च्या खरंच आहेत ना? की फक्त तुम्हाला दिसल्या?"

ठरवलं, याच माणसाला याच लोकांसमोर तोंडघशी पाडायचं.

माझ्याकडे तपन नावाचा एसी मिस्त्री होता. पतंगबाज. मी त्याला काळ्या कागदाचा पतंग करून त्याला बॅटरीचे दोन बारीक दिवे लावायला सांगितलं. तो बघतच राहिला. "दादा, एखोन घुडी?" म्हणजे, आत्ता पतंग? इथे पतंग सप्टेंबरात, विश्वकर्मा पूजेला उडवतात. तो दिवस गेला की मांजा गुंडाळून ठेवतात. मला नेमकं तेच हवं होतं. तिथी विचारणाऱ्याला तिथीनंच फसवायचं होतं.

त्या फराळानंतरच्या वर्षी कोजागरीला मंडळ साहेबांच्याच गच्चीवर जमलं. खाली घराघरांत बंगाल्यांच्या लक्ष्मीपूजेचे शंख वाजत होते. चंद्र नुकताच वर आला होता, दूध अजून आटत होतं. पूर्वेला चंद्र, आणि पश्चिमेला कोणीतरी बोट दाखवलं. दोन निळे दिवे. तपन तीन इमारती पलीकडे होता.

साहेबांनी चष्मा पुसला. अंगठा धरला.

"विमान नाही, जागचं हलत नाही. समोरून येणारं म्हणावं तर मोठं व्हायला हवं. तारा नाही, मध्येच हेलकावा घेतो. फानूस वाऱ्याबरोबर वाहून गेला असता, आणि आज फानूस कोणी सोडतही नाही. ड्रोनला इथं परवानगी नाही, विमानतळ जवळ." त्यांनी अंगठा खाली घेतला. "पतंग म्हणावा, तर त्याचे दिवस गेले. चांदण्यात पतंग कोण उडवतं?"

मी खिशातून फोन काढला. आता चूक बोलतील, मग मी तपनला फोन करून पतंग उतरवायला लावीन. काय बोलायचं ते घोकून ठेवलं होतं.

साहेब म्हणाले, "मला माहीत नाही."

आणि हसले. पहिल्यांदा लिमलेटची गोळी चाखलेल्या पोरासारखे. लोकांनी काय करावं? टाळ्या वाजवल्या. बँकवाला म्हणाला, "याला म्हणतात खरा शास्त्रज्ञ." मला माहीत नव्हतं तेव्हा मी तबकडीवाला, यांना माहीत नाही तर हे शास्त्रज्ञ. माझ्या कानशिलांची आग झाली. तिथल्या तिथे मी दुसरा सूड ठरवला. सांगायचंच नाही. बसू दे डोकं फोडत.

त्यांनी फोडलंही. दर आठवड्याला फोन. "शेठ, तुम्ही जवळ उभे होता. तो हेलकावा उजवीकडे होता ना?" मी म्हणायचो, "डावीकडे." पुढच्या वेळी म्हणायचो, "उजवीकडे." साहेब खुशीत पुन्हा पहिल्यापासून मांडणी करायचे. पुण्याला मुलाकडे राहायला गेले, तरी फोन येत राहिले. मग थांबले.

साहेब गेल्याची बातमी त्यांच्या पत्नीनं, म्हणजे वहिनींनी दिली. "शेवटी अंथरुणावरसुद्धा त्या दिव्याचंच चाललं होतं. म्हणायचे, आयुष्यभर लोकांचे दिवे विझवले, हा एक माझ्यासाठी उरला." मग म्हणाल्या, "भावजी, तुम्ही होता ना तिथे. काय असेल हो ते?"

पतंग हा शब्द अगदी ओठांवर आला.

"तुमची फार आठवण काढायचे," वहिनी म्हणाल्या. "म्हणायचे, आपले तबकडीवाले कसे आहेत कोण जाणे."

मी शब्द गिळला.

"वहिनी," मी म्हणालो, "साहेबांना जे कळलं नाही, ते मला काय कळणार?"