दोरा बांधलेल्या शेंगा

बायको गेली तेव्हा गॅलरीतल्या वालाला फुलं होती, बुंध्याशी पहिल्या काही शेंगा. दोन महिन्यांनी त्याला शेंगा लागल्या, त्या इतक्या की मला तिचा रागच आला. जायचंच होतं तर पसारा आवरून जायचं. ही निळ्या पिंपात वेल लावून गेली, आणि तो वेल तिसऱ्या मजल्याचा कठडा भरून वर पत्र्यापर्यंत पोचला होता.

लालबागच्या चाळीत गॅलरी ती केवढी. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने आडवं व्हायचं. त्यात हिचं पिंप. चहाचा चोथा, कांद्याची सालं, मासे धुतलेलं पाणी, सगळं त्यात जायचं. वास येतो म्हणून खालच्या मजल्यावरची बाई भांडायला वर यायची, आणि परत जाताना तिच्या पदरात शेंगा असायच्या. बायकोने तिला कधी उलट उत्तर दिलं नाही. भांडण ऐकता ऐकता शेंगा तोडायची आणि भांडण संपलं की हातात द्यायची. मला हे जन्मात जमलं नसतं.

बी तिच्या माहेरचं, मालवणकडचं. लग्न होऊन आली तेव्हा पदराच्या गाठीला बांधून आणलेलं. माहेरचं घर कधीच पडलं, भावांनी जागा विकली, तिथे आता कोणी काही पेरत नाही. हे बी कुठे उरलं असेल तर आमच्या गॅलरीत. ती होती तोवर हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. आपल्याला ताटात भाजी दिसते, बी कुठे दिसतं?

शेंगा रोज परडीभर निघायच्या. आज तोडल्या की उद्या तेवढ्याच. मला एकच प्रकार येतो, कांद्यावर परतायच्या आणि सुक्या कोलंबीचे सोडे टाकायचे. आठ दिवस तेच खाल्लं. मजल्यावरच्या प्रत्येक दाराला दिल्या. शेवटी लोक मला परडी घेऊन येताना बघून दार लोटून घ्यायला लागले. मुलगी फोनवर म्हणाली, बाबा, टाकून द्या. मी फोन ठेवला.

अशात चाळ कमिटीने सांगितलं की दुरुस्तीचं काम निघालंय, परांची बांधणार, संक्रांतीच्या आत गॅलरी मोकळी करा. पिंपही हलवा, गॅलरीवर वजन नको. म्हणजे वेल जाणार. हाताशी बारा-तेरा दिवस आणि वेल शेंगांनी लगडलेला.

तोडायला स्टूल लावलं तेव्हा मला दोरे दिसले. बुंध्याजवळच्या काही शेंगांच्या देठाला पांढरा सुती दोरा बांधला होता. दोरा आमच्या गिरणीतला. गिरणी बंद झाली तेव्हा मी दोऱ्याचा एक कोन घरी आणला होता, तो ती वर्षानुवर्षं पुरवून वापरायची. गाठ तिचीच. इस्पितळात जायच्या आदल्या दिवशी ती याच स्टुलावर बसून वेलाशी काहीतरी करत होती. धाप लागत होती, म्हणून मी ओरडलो होतो. तेव्हाच बांधले असणार.

मी तीस वर्षं गिरणीच्या फोल्डिंग खात्यात काढली. कापड डोळ्यांसमोरून सरकायचं. कुठे धागा तुटलेला, कुठे डाग, की त्या जागी ताग्याच्या कडेला दोरा बांधायचा. दोरा म्हणजे खराब माल. हे माझ्या हाडात बसलंय. मला वाटलं, हिनेही तेच केलं, किडलेल्या शेंगांना खूण करून ठेवली. शेंगा पिवळ्या पडलेल्या, साल चामड्यासारखी. माझी खात्रीच पटली. सगळ्यात आधी त्या तोडल्या.

टाकवत मात्र नव्हत्या, तिच्या हातच्या होत्या. सोलल्या. आत कीड नाही, डाग नाही. दाणे टपोरे, एकसारखे. मनात म्हटलं, पहिल्यांदा चुकलीस गो. दाणे उकडले, मीठ-तिखट घातलं, खाल्ले. चांगले लागले. दोरे तेवढे सवयीने गुंडाळून ठेवले.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या वहिनी आल्या. त्यांचा नवरा माझ्याच खात्यात होता, तो जाऊनही बरीच वर्षं झाली. सकाळची बुद्धवंदना आटोपली की त्या गॅलरीत येऊन बसायच्या आणि दोघी मिळून काहीतरी निवडायच्या, गेली चाळीस वर्षं. आल्या, वेलाकडे बघितलं, बुंध्याजवळ वाकल्या.

"भावजी, दोऱ्याच्या शेंगा कुठायत?"

मी सांगितलं, खराब होत्या, तरी वाया घालवल्या नाहीत, खाल्ल्या. त्यांनी बुंध्याजवळचे मोकळे देठ चाचपून बघितले. मग मलाच कळेना म्हणून फोल्डिंग खात्यातलं सांगितलं.

"अहो, बियाणं होतं ते," त्या म्हणाल्या. "पहिल्या बहराच्या चांगल्यातल्या चांगल्या शेंगा ती दोरा बांधून राखायची. कोणी तोडू नये म्हणून दोरा. तुम्ही बरोबर त्याच तोडल्या."

मी स्टुलावर बसलो. गेल्या वर्षीचं काही शिल्लक असेल, असं विचारलं. असायचं नाही, हे मलाही माहीत होतं. पेरून उरलेल्या वालांचं ती श्रावणात बिरडं करायची, जुनं बी ठेवायची नाही. तेही मीच खाल्लेलं. दोनदा मागून घेतलं होतं.

वेलावर बाकीच्या शेंगा होत्या, पण हिरव्या. वाळून बी धरायला त्यांना महिना हवा आणि कमिटीची माणसं पुढच्या आठवड्यात येणार. कमिटीवाल्याकडे गेलो. तो म्हणाला, काका, एका वेलासाठी परांची थांबवू काय? त्याचंही खरं होतं. वर आलो तर वहिनी माझ्या दारात विळी मांडून बसल्या होत्या.

"बसा," म्हणाल्या. "रडायचं नंतर. आधी शेंगा."

त्या चार दिवसांत त्या बाईने जे केलं ते मी बघत राहिलो. तीन ढीग करायचे म्हणाल्या, आणि शेंगेवरून नुसता अंगठा फिरवला की शेंग आपल्या ढिगात पडायची. डोळे माझ्याकडे, तोंड चालू, हात ढिगाकडे. मी तीस वर्षं माल तपासला, पण असा हात फोल्डिंग खात्यात एकाचाही नव्हता. कोवळ्या शेंगांच्या शिरा काढून मीठ-हळदीच्या उकळत्या पाण्यात नुसत्या बुडवून काढल्या आणि त्यांच्या जुन्या साडीवर गच्चीत वाळत घातल्या. त्यांच्या माहेरी गवार, भेंडी असंच वाळवून उन्हाळ्याला ठेवतात. दोन दिवसांत टोपलीभर शेंगांचा डबाभर चुरमडलेला पाला झाला. मला वाटलं, गेलं सगळं. त्यांनी मूठभर गरम पाण्यात टाकून दाखवल्या, तर फुगून वर आल्या. भरल्या शेंगांचे ओले दाणे सोलून, वाफवून पिशव्या केल्या. त्यांचा फ्रिज भरला, मग समोरच्या खोलीतला. सोलायचं काम माझं. माझी नखं हिरवी-काळी झाली. मी हळू सोलतो म्हणून टोमणे खाल्ले. गिरणीत असंच चालायचं वाटतं, म्हणून तर बंद पडली, असंही ऐकून घेतलं. बायको गेल्यापासून मला कोणी टोमणा मारला नव्हता. सगळे जपून बोलायचे.

तिसरा ढीग मात्र दिसेना. विचारलं तर म्हणाल्या, तो वेलावरच आहे, हात लावू नका. वीसेक शेंगा त्यांनी ठेवल्या होत्या, ज्यांच्यात दाणा पुरता भरलेला, फक्त पिकलेला नाही. वेल कापायचा नाही, म्हणाल्या, मुळासकट उपटायचा आणि घरात उलटा टांगायचा. खोडात रस असतो, तो दाण्यात उतरतो. होईल का, विचारलं.

"नक्की सांगत नाही. आमच्याकडे घेवड्याचं व्हायचं."

पिंप आडवं केलं तेव्हा माती बदकन पडली. मुळं पिंपाच्या आकाराची झाली होती. कठड्यातून वेल सोडवायला अख्खी सकाळ गेली. त्या वरून, मी खालून, एक फांदी तुटू दिली नाही. घरात कपडे वाळत घालायची काठी छताला टांगलेली आहे. तिच्यावर आता माझ्या एकट्याचे दोन कपडे असतात. तिथे वेल टांगला.

महिनाभर तो माझ्या डोक्यावर होता. बाहेर परांचीची हिरवी जाळी आणि आत वाळत जाणारा वेल. पानं गळायची, मी झाडायचो. चहाच्या कपात पडायची. रोज सकाळी हात वर करून शेंगा दाबून बघायचो. काही सुरकुतल्या, आत काहीच नव्हतं. काही बुरशीने गेल्या. एक दिवस खिडकी उघडली, वारा आला आणि वर खुळखुळ वाजलं. मी तसाच वहिनींच्या दारात गेलो आणि बोलावून आणलं.

त्यांनी आठ शेंगा काढल्या. आठांतून तेवीस दाणे निघाले. टपोरे नव्हते. दोऱ्याच्या शेंगांतले कसे होते ते मला माहीत आहे, मी खाल्लेत. हे बारीक आणि थोडे चुरमडलेले. वहिनी म्हणाल्या, जिवंत आहेत का बघू, आणि पाच दाणे भिजवून ओल्या फडक्यात बांधले, बायको बिरड्याला मोड आणायला बांधायची तसेच. ते गाठोडं दोन दिवस मी सोडलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनीच सोडलं. तिघांना मोड आले होते. दोन कुजले.

"तीन पुरे," त्या म्हणाल्या. "ती एवढंच घेऊन आली असेल."

मोड आलेले तिन्ही दाणे डब्यात माती घालून खिडकीत लावलेत. दिवस पेरायचे नाहीत, जाळीमुळे ऊनही नाही. दोन वर आलेत, पिवळट, लांबुडके. जगतील असं वाटत नाही, पण पाणी घालतो. खरे ते अठरा. ते राख चोळून काचेच्या बाटलीत ठेवलेत, जूनमध्ये पेरायचे. बाटलीच्या गळ्याला तेच सुती दोरे बांधलेत, तिच्या गाठीसारखी गाठ मला येत नाही तरी. आता ते काय आहेत हे मला माहीत आहे, आणि घरात दुसरं खाणारं कोणी नाही.